परत न आलेलं मिस्टियर: साक्षीदार शत्रूचाच असेल तर?

सांजवारा

७ सप्टेंबर १९६५ ची पहाट. आदमपूरच्या तळावरून आपल्या १ नंबर स्क्वाड्रनची मिस्टियर विमानं अंधारातच पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळाकडे निघाली. बारा विमानं, नेतृत्व विंग कमांडर टनेजांचं. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या मूळ बारात नव्हतेच, ते स्टँडबाय होते. ऐनवेळी एक जागा रिकामी झाली आणि ते त्या जागी गेले. हल्ला झाला, परतीची मोजदाद झाली, एक विमान कमी भरलं. देवय्या बेपत्ता. आपल्याकडे त्यांचं काय झालं याची नोंद तेवढ्यावरच थांबली.

पुढे १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचं १९६५ च्या हवाई युद्धावरचं पुस्तक आलं. त्याला पाकिस्तानी हवाई दलाच्या नोंदी पाहायला मिळाल्या होत्या. त्यात असं निघालं की त्या सकाळी एका मिस्टियरने अमजद हुसेन यांचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं आणि अमजद पॅराशूटने उतरून वाचले. त्या पहाटेच्या हल्ल्यातून परत न आलेलं मिस्टियर एकच होतं. टनेजांनी पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. मधे तेवीस वर्षं गेली.

यावर लिहिणारे सगळे उशिराबद्दल हळहळतात. मला वेगळीच गोष्ट टोचते. आपल्या माणसाने काय केलं हे आपल्याला समोरच्याने सांगितलं म्हणून कळलं. त्याने सांगितलं नसतं तर? वैमानिक गेला, विमान गेलं, सोबत्यांपैकी कोणी पाहिलं नाही. मग जे घडलं ते घडलं असं म्हणायचं कशाच्या जोरावर? अशा बाबतीत शत्रूचा शब्द प्रमाण मानावा का? तुमची मतं वाचायला आवडतील.

टवाळखोर

पहिला! आता वाचतो.

घुबडराव

चांगला विषय. ज्यांना विमानांची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो, नाहीतर या झुंजीत काय विशेष होतं ते कळणार नाही.

स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं. आपलं मिस्टियर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेग गाठू शकत नव्हतं, सूर मारला तरच. त्यांच्याकडे साइडवाइंडर क्षेपणास्त्रं आणि सहा नळ्यांची व्हल्कन तोफ. मिस्टियरच्या पोटात ३० मिमीच्या दोन तोफा, बस. कागदावर ही जोडी लागूच शकत नाही.

पण स्टारफायटरचे पंख अगदी तोकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम पावणेसात मीटर. सरळ रेषेत तो बाण, वळायला लागला की ट्रक. त्याच्या वैमानिकाने वेगात यावं, मारावं आणि निघून जावं. रेंगाळून वळणावळणाची मारामारी करायला गेला की त्याची सगळी मिरास गेली. अमजद नेमके तिथे सापडले. त्यांनी तोफेने मिस्टियरला टिपलं, ते संपलं असं समजून दुसऱ्यांच्या मागे लागले, आणि 'संपलेलं' मिस्टियर परत अंगावर आलं.

टवाळखोर

वाचलं. 'वळायला लागला की ट्रक' हे आमच्या घाटातल्या एसटीलाही लागू आहे.

शंकेखोर

धाग्याला गालबोट लावतो, दिवे घ्या.

एक, पाकिस्तानात याच घटनेची दुसरी कथाही आहे. मिस्टियरचा स्फोट झाला, त्याच्या उडालेल्या तुकड्यांत सापडून स्टारफायटर पडलं. म्हणजे शत्रूच्या गोटातच दोन साक्षी आहेत. आपण आपल्याला आवडणारी उचलली.

दोन, हल्ल्याला गेलेल्या वैमानिकाचं काम बॉम्ब आणि रॉकेटं टाकून परत येणं. झुंजत बसणं नव्हे. सरगोधा मिस्टियरच्या पल्ल्याच्या अगदी कडेला होतं. तिथे दोन-चार कडक वळणं घेतली की घरी येण्यापुरतं तेल उरत नाही. मग देवय्यांनी केलं ते शौर्य की हुकुमाबाहेरचं वागणं?

अर्धवट_शहाणा

शंकेखोर, तुम्हाला पहाटे सहाला कोणी तोफेने टिपलं तर आधी हुकूम काढून वाचाल का हो?

शंकेखोर

मी पहाटे सहाला झोपलेला असतो. मुद्द्यावर बोला.

जुना_फिटर

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. १९७० ला भरती झालो, म्हणजे पासष्टचं काही पाहिलेलं नाही. पण मिस्टियरवर काम केलेले सिनियर भेटले होते, त्यांच्याकडून ऐकलेलं आणि आपलं थोडं असं सांगतो.

शंकेखोर, तेलाचा मुद्दा अगदी बरोबर आहे. पण तोच उलटा धरून बघा. विमानाला मार बसलेला. टाकी फुटली की नाही, कंट्रोल किती उरलेत, हे पायलटला स्टिक हातात धरल्यावर लगेच कळतं. अशा विमानाने सीमेपर्यंत जायचं तर सरळ जावं लागतं, आणि मागे ध्वनीच्या दुप्पट वेगाचं जनावर. सरळ पळालं तर तो मारणारच. त्यात पुढे बाकीची विमानं चाललेली आणि स्टारफायटर त्यांच्याकडे वळलेला. आता यात हुकुमाबाहेरचं काय राहिलं ते तुम्हीच सांगा.

दुसरं, आदल्या रात्रीचं कोणी लिहिलं नाही. ६ तारखेला संध्याकाळी पठाणकोटवर हल्ला झाला, आपली दहा विमानं जमिनीवरच गेली. हलवाऱ्यावरही धाड आली. मग रात्री पाकिस्तानने आदमपूर, हलवारा आणि पठाणकोट तिन्ही तळांजवळ छत्रीधारी कमांडो उतरवले. आमचे एक कॉर्पोरल तेव्हा आदमपूरला होते. ते सांगायचे, रात्रभर काळोखात रायफली घेऊन बसलो होतो आणि तसंच उठून पहाटे विमानं तयार केली. ज्यांनी बॉम्ब लावले त्यांचे डोळे चुरचुरत होते. त्या बारा विमानांची ही तयारी.

आता धाग्याच्या प्रश्नाबद्दल. तोफा असलेल्या विमानात एक सिने-गन असते. ट्रिगर दाबला की तोफेबरोबर कॅमेरा चालू होतो. उतरल्यावर फिल्म काढायची, धुवायची, मग इंटेलिजन्सवाले पडद्यावर बघून ठरवणार की लागलं की नाही. पायलट कितीही छातीठोक बोलला तरी फिल्म बोलली पाहिजे. देवय्यांची फिल्म देवय्यांच्याच विमानात होती. म्हणजे जो परत येतो त्याचाच पुरावा परत येतो. पद्धतीतच ते आहे, त्यात कुणाची चूक नाही.

लाईनवर आमचं एक काम कुठल्याही नियमावलीत नव्हतं. विमानं परतायच्या वेळी सगळे आकाशाकडे बघत उभे राहायचे आणि मोजायचे. तोंडाने नाही, मनात. एकाहत्तरच्या डिसेंबरात मी पश्चिमेकडच्या एका तळावर सुखोई-७ वर होतो. तळाचं नाव नको. सुखोई उंच विमान, शिडी लावल्याशिवाय कॉकपिटात चढता येत नाही. पायलट बसला, पट्टे आवळले, की शिडी काढून बाजूला ठेवायची. परत आला की तीच लावायची. एक दिवस चार गेली, तीन आली. आम्ही तिघांच्या शिड्या लावल्या. चौथी तिथेच, जिथे ठेवली होती तिथे. तेल संपायची वेळ केव्हाच उलटून गेली होती, प्रत्येकाला हिशेब येत होता. तरी संध्याकाळपर्यंत कोणी ती शिडी हलवली नाही.

मधुमालती

काका, तुमचा प्रतिसाद वाचून काही सुचेना.

घुबडराव

+१. काका, वेगळा धागा काढा.

जुना_फिटर

आता वय झालं. इथेच तुकड्या-तुकड्याने लिहितो.

अर्धवट_शहाणा

मला हे 'पद्धतीतच आहे' पटत नाही, काकांबद्दल आदर ठेवून. पुस्तक आलं १९७९ ला, पदक १९८८ ला. पहिली चौदा वर्षं माहिती नव्हती, मान्य. पुढची नऊ कुठे गेली? फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. तो वेळ शत्रूच्या साक्षीमुळे गेला नाही, तो आपल्याच लाल फितीत गेला.

शंकेखोर

पुस्तकात आलं म्हणून पदक देत नाहीत हो. त्या सकाळी आणखी कोण तिथे होतं, दुसरं कोणी ते विमान पाडलं असण्याची शक्यता आहे का, हे सगळं ताडून बघावं लागतं. उद्या कोणी पुस्तकात लिहील की मी एकट्याने पाच पाडली!

घुबडराव

आला, आला, एम. एम. आलम आला. वाटच बघत होतो.

नवीन मंडळींसाठी: त्याच ७ सप्टेंबरला, त्याच सरगोध्यावर, पाकिस्तानी वैमानिक आलम यांनी मिनिटाभरात आपली पाच हंटर विमानं पाडल्याचा दावा आहे. आपल्या नोंदींशी तो आकडा जुळत नाही. हा वाद साठ वर्षं चालू आहे आणि या धाग्यावर मिटणार नाही.

दक्षिणवारा

मिटणार नाहीच, पण त्या निमित्ताने एक नाव घेऊ द्या. त्या दिवशी सरगोध्याच्या वाटेवरून न परतलेल्या हंटर वैमानिकांत स्क्वाड्रन लीडर सुरेश भागवत होते. आपण पाच की दोन की तीन यावर भांडतो तेव्हा त्या आकड्यात हे नाव असतं. मराठी संस्थळावर तरी ते एकदा यावं असं वाटलं.

सांजवारा

दक्षिणवारा, आभार. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

टवाळखोर

अवांतर: स्टारफायटरच्या सुरुवातीच्या मॉडेलांत वैमानिकाची खुर्ची वर न उडता खाली पडायची असं वाचलं. खरं आहे का? म्हणजे विमान जमिनीजवळ असेल तर जीव वाचवायला उडी मारली की थेट वास्तुशांत?

घुबडराव

खरं आहे. शेपटीचा पंख उंच होता, वर उडालेली खुर्ची त्याला धडकेल ही भीती. म्हणून सुरुवातीला खालच्या दिशेने. कमी उंचीवर माणसं गेल्यावर शहाणपण आलं आणि वर उडणाऱ्या खुर्च्या बसवल्या.

जुना_फिटर

आणि त्याच्या पंखाची पुढची कड इतकी धारदार होती की जमिनीवर उभं असताना तिच्यावर संरक्षक पट्टी चढवून ठेवायचे, नाहीतर काम करणाऱ्याचं डोकं फुटायचं. आमच्यासारख्यांना शत्रूपेक्षा विमानाचीच भीती जास्त.

मधुमालती

सगळे पुराव्याबद्दल बोलताय. मला 'बेपत्ता' या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई पाकिस्तानात पडलं. त्या दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी होती, त्यात 'टॉम्बे' असं नाव होतं. युद्धकैदी परत आले, त्यांत तांबे नव्हते. पुढे बेपत्ता भारतीय सैनिकांची यादी झाली, तिच्यात ते आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची कित्येक दशकं त्या शोध घेत राहिल्या.

इथे शत्रूची साक्ष होती, छापील होती, आणि ती उपयोगाला आली नाही. त्यामुळे सांजवारा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की शत्रूचा शब्द मानायचा की नाही हे बहुतेक वेळा त्या शब्दाने कोणाची सोय होते यावर ठरतं. देवय्यांच्या वेळी स्टारफायटर पडल्याचं मान्य करण्यात सांगणाऱ्याचंच नुकसान होतं. म्हणून त्यावर विश्वास बसला.

सांजवारा

मधुमालती, हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. स्वतःच्या तोट्याचं सांगतो तो खरं बोलत असण्याची शक्यता जास्त. कोर्टातही हेच धरतात ना?

शंकेखोर

थांबा थांबा. तोट्याचं सांगतो म्हणून खरं, हेही नेहमी चालत नाही. एक उलटं उदाहरण.

फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सांतेक्झुपेरी. ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकावरून टेहळणीला निघाला, विमान लाइटनिंग, फोटो काढणारं, त्यावर तोफा नाहीत. परत आला नाही. १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्याच्या नावाचं चांदीचं कडं आलं. २००० मध्ये पाणबुड्याला समुद्रतळाशी अवशेष दिसले, पुढे ते वर काढले आणि २००४ मध्ये क्रमांकावरून पक्कं झालं की विमान त्याचंच. विमान सापडलं, कडं सापडलं, कसं पडलं ते मात्र त्यातून कळलं नाही.

आणि मग २००८ मध्ये एक म्हातारा जर्मन वैमानिक पुढे आला, म्हणाला मीच पाडलं, आणि त्याचं मला आयुष्यभर वाईट वाटलं. जगभर बातमी. पण त्या दिवसाच्या जर्मन नोंदींत असा दावा सापडत नाही. आता याला काय म्हणायचं? स्वतःच्या माथी पाप घेणारी साक्ष आहे, कागद मात्र गप्प.

देवय्यांच्या बाबतीत कागद होता. पडलेल्या स्टारफायटरचा हिशेब त्यांच्याच दप्तरात होता. मी साक्षीवर नाही, त्या दप्तरावर विश्वास ठेवतो.

अर्धवट_शहाणा

म्हणजे शेवटी पदक योग्य होतं हे तुम्ही मान्य करताय?

शंकेखोर

मी कधी अमान्य केलं? मी प्रश्न विचारले.

टवाळखोर

या वाक्याची फ्रेम करून संस्थळाच्या दारावर लावा.

दक्षिणवारा

शत्रूच्या साक्षीचा विषय आहे तर दुसरी बाजूही. ६ सप्टेंबरला हलवाऱ्यावर पाकिस्तानची जी सेबर विमानं आली त्यांचा म्होरक्या सर्फराज रफीकी. त्याने आधी आपल्या पिंगळ्यांचं हंटर पाडलं. मग त्याच्या तोफा अडकल्या. परत फिरायचं सोडून त्याने हल्ल्याची सूत्रं सोबत्याकडे दिली आणि त्याची पाठ राखत तिथेच राहिला. मारला गेला. पाकिस्तानात शोरकोटच्या तळाला त्याचं नाव आहे. आपल्या हवाई दलातले जुने लोकही त्याचा उल्लेख आदराने करतात. पडला तो आपल्या हद्दीत, आपल्याच लोकांच्या तोफांनी.

आणि पिंगळे? उडी मारून वाचले आणि १६ तारखेला पुन्हा उडाले. त्या दिवशी त्यांनी सेबर पाडलं, वीरचक्र मिळालं. दहा दिवसांत!

मधुमालती

देवय्यांच्या बाबतीतही असंच काही वाचल्याचं आठवतं. त्यांचा देह शेतात सापडला आणि गावकऱ्यांनी दफन केला. कोण होता, कुठला होता हे न विचारता. ती माती देणारी माणसं त्या दिवसाची साक्षीदारच की.

घुबडराव

बरोबर. आणि आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक गोष्ट कोणीच बोललेलं नाही. मी राखून ठेवली होती असं नाही, आत्ता जुनी टिपणं चाळताना डोळ्यांपुढे आली.

अमजद हुसेन १९७१ लाही स्टारफायटरच उडवत होते. ५ डिसेंबर १९७१ ला अमृतसरच्या रडारवर हल्ला करायला आले आणि आपल्या विमानवेधी तोफांनी त्यांचं विमान पाडलं. पुन्हा उडी मारली, पुन्हा वाचले, आणि या वेळी आपल्या ताब्यात आले. युद्धकैदी.

म्हणजे बघा. देवय्यांचं शेवटचं विमान ज्याने सगळ्यांत जवळून पाहिलं, तो जगातला एकमेव माणूस आपल्याच कैदेत होता. फ्रिकरचं पुस्तक यायच्या आधी सात-आठ वर्षं.

सांजवारा

काय सांगता! मी हा लेख लिहायला महिनाभर वाचत होतो, अमजद यांचं पुढे काय झालं हे शोधायचं सुचलंच नाही.

अर्धवट_शहाणा

म्हणजे प्रश्न विचारला असता तर १९७१ लाच उत्तर मिळालं असतं. आणि तुम्ही लोक मला लाल फितीवरून बोलत होतात.

शंकेखोर

पण विचारणाऱ्याला आधी प्रश्न माहीत हवा ना. 'सहा वर्षांपूर्वी तुम्हाला कोणी पाडलं होतं का?' हे कोण विचारेल?

मधुमालती

आणि तारीख बघितलीत का? ५ डिसेंबर. तांबे पडले तो दिवस.

जुना_फिटर

मधुमालतीताई, ते माझ्याही लक्षात आलं.

शंकेखोर बरोबर म्हणतात. पकडलेल्या पायलटला काय विचारतात? तळ कुठले, विमानं किती, उद्या कुठे येणार. युद्ध चालू असतं. मागच्या युद्धातलं एक विमान कोणाच्या डोक्यात असणार? ज्यांच्या डोक्यात होतं ते टनेजांसारखे, आणि ते त्या खोलीत नव्हते.

टवाळखोर

काका, एक राहिलं. थट्टा नाही, खरंच विचारतो. त्या चौथ्या शिडीचं पुढे काय झालं?

जुना_फिटर

सकाळी दुसऱ्या विमानाला लावली. शिड्या मोजक्याच होत्या.